वांगी रंगाचा ठिपका

पेडल खाली गेलं आणि वर आलंच नाही.

उतार होता, दुपारची रिमझिम होती, रस्ता ओला… आणि तिच्या उजव्या पायाखाली जिथे नेहमी काहीतरी ठाम लागायचं, तिथे आता काहीच नव्हतं. तिने दुसऱ्यांदा दाबलं, तिसऱ्यांदा दाबलं. गियर खाली ओढला, हँडब्रेक दोन्ही हातांनी उपसला, आणि वयाने तिच्याहून आठ वर्षं मोठी असलेली ती सायीच्या रंगाची गाडी कुरकुरत, घसरत उताराच्या तळाशी गेली. तिथे एका दुकानापुढे जुन्या टायरांचा ढीग होता. त्या ढिगात गाडी अलगद टेकली. कुणी आधीच उशी मांडून ठेवली असावी तशी.

तिने मान वर केली. दुकानावर पाटी होती: ‘फक्त ब्रेक’.

आता ब्रेक गेलेली गाडी थांबावी आणि तीही नेमकी ब्रेकच्याच दुकानासमोर… यात काही काळंबेरं नाही असं दुसरं कुणी म्हणालं असतं. ती म्हणणाऱ्यातली नव्हती. विमा कंपनीत ती दावे तपासायची. जळालेली गोदामं आगीच्या आठवडाभर आधीच रिकामी कशी झाली, चोरीला गेलेले दागिने भाचीच्या लग्नाच्या फोटोत कसे दिसतात, हे शोधण्यात तिची सात वर्षं गेली होती. ऑफिसात तिला ‘तपासनीस’ म्हणत, ती समोर नसताना. समोर असताना कुणी फारसं काही म्हणतच नसे.

दुकानातून एक माणूस आला. त्याने आधी मागच्या चाकाखाली लाकडी ठोकळा सारला. मग आत जाऊन पाणी आणलं. गाडीकडे त्याने अजून पाहिलंही नव्हतं; तो तिच्या हातांकडे पाहत होता. हात थरथरत होते. तिने ते खिशात घातले.

“हा ढीग इथे कशाला?” तिने विचारलं.

“तुमच्यासाठी.” मग तो थोडा ओशाळला. “म्हणजे… तुमच्यासारख्यांसाठी. वर्षाला तिघं-चौघं येतात असे.”

“आणि दुकानही नेमकं इथेच.”

“वर टाकलं असतं तर गिऱ्हाईक न थांबता पुढे गेलं असतं.”

ती हसली नाही. पाणी तसंच बॉनेटवर ठेवून ती उतार चढू लागली, अगदी वरपर्यंत. रस्त्यावर कुणी तेल सांडलंय का ते वाकून बघत, मधेच बोट टेकवून वास घेत. पाऊस वाढला. परत वळली तर तो मागेच उभा, हातात छत्री.

“सापडलं काही?”

“पाणी.”

“ते मी टाकलेलं नाही,” तो म्हणाला, अगदी गंभीरपणे.

त्या संध्याकाळी तिने एक नवी फाईल उघडली. वर नाव घातलं ‘ब्रेकवाला’, आणि खाली लिहिलं:

*संशय १. दुकान उताराच्या तळाशी. हेतू?*
*संशय २. प्रश्नांची उत्तरं लगेच देतो. तयारी केलेली?*
*संशय ३. छत्री.*

तिसऱ्यापुढे काय लिहायचं ते तिला सुचलं नाही. तरी खोडलं मात्र नाही.

*

गाडी बाबांची. बाबा आयुष्यभर घड्याळं दुरुस्त करत आले. गाडीला ते ‘थोरली’ म्हणायचे आणि लेकीला ‘धाकटी’, आणि दोघींपैकी जास्त लाड कुणाचे यावरून घरात आई असेपर्यंत वाद चालायचा. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर बाबांचं गाडी चालवणं बंद झालं. थोरलीचं पेडल दाबायला पैलवानाची मांडी लागायची, आणि बाबांच्या पायात आता तेवढा जोर नव्हता. तरी रोज सकाळी ते उभ्या गाडीत जाऊन बसत, काच खाली करत आणि अख्खं वर्तमानपत्र वाचून काढत.

मग गेल्या वर्षी तिने एक चूक केली. गाडी सर्व्हिसिंगला एका मोठ्या, चकचकीत वर्कशॉपमध्ये दिली. चार दिवसांनी घरी आणली. बाबांनी बॉनेट उघडलं, एकदाच पाहिलं आणि अलगद मिटलं. कार्बुरेटर बदललेला होता. मूळचा काढून घेऊन जागी स्वस्तातली नक्कल बसवलेली. बाबा एक शब्द बोलले नाहीत. पण त्यानंतर आठवड्याभरात त्यांनी गाडीत वर्तमानपत्र वाचायचं सोडलं. ते तिच्या काळजात रुतून बसलं होतं. जगभरचे लबाड पकडणाऱ्या लेकीने बापाची गाडी स्वतःच्या हाताने लबाडाकडे नेऊन दिली होती.

डॉक्टर परवा म्हणाले होते की पेडल हलकं असेल तर चालवू दे त्यांना, मन रमेल. आणि आज हे.

दुसऱ्या दिवशी तिने बाबांच्या गुडघ्याचं सांगितल्यावर ब्रेकवाल्याने काम समजावून सांगितलं ते असं. थोरलीला चारही चाकांना एकच नळी. एकीकडे गळली की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. काल तेच झालं. आता पुढच्या चाकांचे ड्रम काढून डिस्क बसवायच्या, नळीचे दोन वेगळे मार्ग करायचे म्हणजे एक गेला तरी दुसरा धरून ठेवील, आणि पायाचा जोर कमी लागावा म्हणून एक बूस्टर लावायचा. “मग तुमचे बाबा चप्पल घालून, नुसत्या अंगठ्याने गाडी थांबवतील.” बाहेरून काही दिसणार नाही. एकही नवं भोक पाडायचं नाही. उद्या वाटलं तर जुनं सगळं परत बसवता येईल.

“आणि काढलेले जुने पार्ट?”

“खोक्यात भरून तुमच्या घरी.”

इतक्या सहज? तिने त्याच्या चेहऱ्याकडे रोखून पाहिलं. डाव्या भुवईवर ग्रीसचा डाग होता. तो माणूस डोळे चुकवत नव्हता, आणि तिच्या अनुभवात डोळे न चुकवणारे जास्त मुरलेले असतात.

शेवटी त्याने दुकानाची रीत सांगितली. काम झालं की गिऱ्हाइकाने गाडी उतारावरून खाली आणायची, आणि खाली दुकानासमोर आखलेल्या पांढऱ्या रेषेवर तो स्वतः उभा राहणार.

“गाडीसमोर?”

“गाडीसमोर. वडीलही उभे राहायचे.”

“नाटक आहे हे.”

“असेल. पण पासष्टाव्या वर्षी ते सर्दीने आजारी पडून गेले. गाडीखाली नाही.”

गल्ल्यापाशी त्याची आत्या बसायची, रेडिओचा आवाज अगदी बारीक ठेवून. बारीक अशासाठी की दुकानातलं बोलणं ऐकू यावं. तिने चष्म्यावरून पाहिलं आणि तपासनीसबाईंना विचारलं, पोरी, काम संपेपर्यंत नुसतं बसायलाच येणार असशील तर स्टूल देऊ की खुर्ची?

“स्टूल,” ती म्हणाली. खुर्चीत माणूस गाफील होतो.

*

साठलेली रजा होती, ती तिने घेतली. रोज स्टुलावर बसायची, मांडीवर फाईल आणि हातात नेलपॉलिशची बाटली. रंग वांगी. निघालेल्या प्रत्येक पार्टवर ती एक ठिपका द्यायची. ड्रम, ब्रेक शू, स्प्रिंगा, चाकांमधले छोटे सिलिंडर, पेडलला जोडलेला मोठा मास्टर सिलिंडर… काहीही अदलाबदल झालं तर ठिपका बोलेल. ठिपका देताना हात जरा हलायचा तिचा, प्रत्येकाला एक बारीक शेपूट यायची. डोळ्यांत तेल घालून मोजले तर एकूण सदतीस ठिपके झाले.

पहिल्या दिवशी तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी तिने पार्ट हातात घेतला की तो पाठ फिरवायला लागला.

“पाठ का फिरवता?”

“घरच्या माणसांचं काहीतरी चाललंय असं वाटतं. आपण बघू नये.”

तिसऱ्या दिवशी त्याने पार्ट आधीच पुसून, फडक्यावर ओळीने मांडून ठेवले होते, ज्या बाजूला ती ठिपका द्यायची ती बाजू वर करून.

*संशय ४. सहकार्य करतो. फारच.*

*संशय ५. विनाकारण हसतो.*

*संशय ६. ड्रम पुसताना गुणगुणतो. तेच एक गाणं, तेही अर्धं. उरलेलं अर्धं का म्हणत नाही?*

तो काम करताना बघत राहावं असं होतं. ती बघतही होती, पण कामासाठी. पान्याने नट तो नुसता घट्ट करत नसे; शेवटच्या पाव फेऱ्याला डोळे मिटायचा, कान देऊन ऐकल्यासारखा. गंजलेला नट सुटला की ओठ मुडपून मान डोलवायचा… आणि मग, का कुणास ठाऊक, स्टुलाकडे बघायचा. ती लगेच फाईलमध्ये बघायची. दुपारी आत्या तीन कप चहा करायची. एकदा त्याच्या बोटांचा ग्रीसचा ठसा तिच्या कपावर उमटला, आणि तिने तो कप त्या ठशाच्या बाजूनेच धरला. पुरावा म्हणून. असं तिने स्वतःला सांगितलं.

घरी बाबांनी विचारलं, माणूस कसा आहे?

“लबाड वाटतो,” ती म्हणाली.

“काय केलं त्याने?”

“अजून काहीच नाही.”

बाबांनी भिंग डोळ्यावर चढवलं आणि हातातल्या बंद घड्याळात डोकं घातलं. त्यांना हसू लपवायचं असलं की ते भिंग चढवायचे.

*

सहाव्या दिवशी नवे पार्ट बसले. आता नळ्यांमधली हवा काढायची होती आणि त्याला दोन माणसं लागतात: एक आत बसून पेडल दाबणारं, दुसरं खाली चाकापाशी बारीक बोल्ट सैल करून पुन्हा आवळणारं. आत्याचे गुडघे दुखत होते, अचानक. तपासनीसबाई गाडीत बसल्या. तो खाली दिसेनासा झाला. नुसता आवाज.

“दाबा.”

“दाबलं.”

“धरून ठेवा. मी सांगेपर्यंत सोडायचं नाही.”

“धरलंय.”

खालून बारीक फसफस.

“सोडा… पुन्हा दाबा.”

“दाबलं.”

“धरा.”

“धरलंय. किती वेळ?”

“थोडा. अहो, सोडलंत.”

“पाय दुखला.”

“हवा परत आत गेली. पहिल्यापासून करावं लागेल.”

“मुद्दाम म्हणताय.”

“काय?”

“पहिल्यापासून.”

पावसाचे चार थेंब पत्र्यावर वाजले.

“चार चाकं आहेत,” आवाज आला. “प्रत्येकाला एवढा वेळ लागला तर संध्याकाळ होईल.”

“मग?”

“मग काही नाही. दाबा.”

तिने दाबलं. हसू आलं तेही तिने दाबलं. पेडल आता पायाखाली हळूहळू घट्ट होत होतं, कुणीतरी खालून हात पुढे करावा आणि आपण त्यावर भार टाकावा तसं. चौथ्या चाकापर्यंत ते इतकं ठाम झालं की तिला उगाचच डोळ्यांत पाणी आल्यासारखं वाटलं. बाबा अंगठ्याने थांबवतील, तो म्हणाला होता.

“झालं,” तो खालून म्हणाला. “हात पुसायला फडकं द्याल? हत्यारांच्या टेबलाच्या वरच्या खणात आहे.”

तिने उतरून खण उघडला. फडकं होतं. फडक्याखाली नेलपॉलिशची बाटली होती.

वांगी.

*

तिने स्वतःच्या पिशवीत पाहिलं. तिची बाटली तिथेच होती.

बाहेर जाऊन तिने जुन्या पार्टांचा खोका उघडला. मास्टर सिलिंडर घेतला, उजेडात धरला. ठिपका जागेवर होता… पण गोल, नीटस, शेपूट नसलेला. चाकांच्या सिलिंडरांवरही तसेच. तिने मोजले. सदतीसांपैकी अकरा ठिपके तिचे नव्हते.

एरवी दाव्यातलं खोटं सापडलं की त्यात थोडा आनंद असायचा. आज नव्हता.

तो हात झटकत आला. तिच्या एका हातात बाटली, दुसऱ्यात सिलिंडर. त्याचा चेहरा उतरला.

“बाटली माझी आहे,” तो म्हणाला. “ठिपकेही मीच दिलेत.”

“अकरा.”

“अकरा. पुसले गेले होते, म्हणून…”

“पुसले गेले.” हे शब्द तिने सात वर्षं ऐकले होते. पुसलं गेलं, जळून गेलं, हरवलं. “ओरिजिनल कुठे आहेत?”

“तुमच्या हातात.”

“हे ओरिजिनल असतील तर खोटे ठिपके कशाला लागले?”

तो सांगू लागला, पण ती ऐकेना. आत्याने रेडिओ बंद केला. ती एवढी चिडली होती की तिला स्वतःचाच आवाज लांबून आल्यासारखा वाटत होता. म्हणाली की तिने एकदा तोंडाला पानं पुसून घेतली आहेत, पुन्हा घेणार नाही. बाबांना या गाडीत बसवण्याआधी ती सगळी गाडी दुसरीकडे खोलून घेईल. पोलिसात जाईल. आणखीही काही म्हणाली.

“खोका घेऊन जा,” तो शेवटी म्हणाला. “बाबांना दाखवा. गाडी मात्र आज नेऊ नका. उताराची चाचणी व्हायचीय. त्याआधी नको.”

गाडी अडकवून ठेवायची ही आणखी एक युक्ती, तिला वाटलं. पण चाचणी न झालेल्या ब्रेकची गाडी हाकायची हिंमतही होईना. तिने भाड्याची गाडी बोलावली. खोका त्याने उचलून ठेवला. तिने नको म्हटलं तरी. फाईल स्टुलावर विसरली, हे तिला घरी गेल्यावर कळलं.

*

बाबांनी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. एक-एक पार्ट हातात घेऊन, भिंग लावून, आतल्या कडेवरून अंगठा फिरवून ते बाजूला ठेवत गेले. ती समोर मास्टर सिलिंडर धरून बसली होती. आपण नेलेली गाडी, आपण शोधलेला माणूस, दुसऱ्यांदा. बाबा आता गप्प बसतील, आणि यावेळी काय वाचायचं सोडतील?

“खरा आहे,” बाबा म्हणाले. “हाही. हाही.”

“कशावरून?”

घड्याळजी घड्याळ उघडतो तेव्हा झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने बारीक खूण करतो, तारीख आणि आपलं चिन्ह. पुढच्याला कळावं की इथे कुणाचा हात लागून गेलाय. बाबांनी तरुणपणी थोरलीचे ब्रेक स्वतः उघडले होते, तीन वेळा, आणि सवयीने तिथेही खुणा केल्या होत्या. भिंगातून त्यांनी तिला दाखवल्या. तीन तारखा. शेवटची तिच्या जन्माच्या आदल्या महिन्यातली. “हॉस्पिटलात न्यायचं होतं ना तुझ्या आईला. म्हटलं, थांबलीच नाही तर काय घ्या.”

मग त्यांनी तिच्या हातातला मास्टर सिलिंडर मागून घेतला, आत पाहिलं आणि भिंग पुसून पुन्हा पाहिलं.

“चौथी खूण आहे,” ते म्हणाले. “या आठवड्यातली.”

माझ्या खुणांच्या बरोबर खाली, त्यांनी सांगितलं, ओळीत. ज्याने केली तो घड्याळजी नाही, सुई जरा जाड वापरली आहे. पण त्याने हा सिलिंडर उघडला, आतून धुतला, गंज लागू नये म्हणून ग्रीस भरलं आणि माझी रीत बघून आपली खूण केली. “खोक्यात पडून राहणाऱ्या वस्तूसाठी एवढं कोण करतं गं?”

“मग खोटे ठिपके?”

बाबांनी तिच्या हाताकडे बोट केलं. धुतलेल्या सिलिंडरच्याही एका भोकातून उरलंसुरलं ब्रेक ऑइल पाझरत होतं. ते तिच्या अंगठ्यावर ओघळलं होतं, आणि नखावरचं वांगी पॉलिश सुरकुतून, सालासारखं सुटून वर्तमानपत्राला चिकटलं होतं.

“ब्रेक ऑइल रंग खातं,” बाबा म्हणाले. “धुताना तुझे ठिपके गेले असणार. बिचारा घाबरला असेल.”

ती त्या उघड्या नखाकडे पाहत राहिली. सात वर्षांत इतका स्वच्छ पुरावा तिला कधी मिळाला नव्हता, आणि तो तिच्याच विरुद्ध होता.

“बाबा,” मग तिने विचारलं, कारण आता विचारलं नसतं तर कधीच विचारलं नसतं, “गेल्या वर्षी… कार्बुरेटरनंतर तुम्ही गाडीत बसायचं सोडलंत.”

“कार्बुरेटरचं काय त्यात? नक्कल बरी होती की. गुडघा, बाई. गाडीतून उतरताना ओरडावंसं वाटायचं. तू ऐकशील म्हणून सोडलं.”

*

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं होतं. ती बाबांना घेऊन गेली. तो दुकानात नव्हता. आत्याने सांगितलं की सकाळपासून एकटाच गाडी उतारावर वरखाली करतोय, तीन फेऱ्या झाल्या, चौथीला गेलाय. “आणि रात्रभर तुझी ती पोथी वाचत होता,” ती म्हणाली आणि स्टुलाकडे मान उडवली.

फाईल तिथेच होती. उघडली. तिच्या संशयांखाली पेन्सिलीने, तिरक्या अक्षरात:

*दुकान वडिलांनी टाकलं. हेतू विचारायचा राहून गेला.*

*तुम्ही प्रश्न लगेच विचारता.*

*छत्री: एकच होती. नाहीतर दोन आणल्या असत्या. (हे खरं नाही. दोन होत्या.)*

*विनाकारण नाही. कारण स्टुलावर बसलेलं असतं.*

*उरलेलं अर्धं गाणं येत नाही.*

आणि शेवटच्या, रिकाम्या पानावर:

*ठिपके गेले तेव्हा लगेच सांगायला हवं होतं. वाटलं, तुम्हाला झोप लागणार नाही. रंग जुळवायला तीन दुकानं फिरलो, दोघांनी जांभळा दिला. शेपूट जमली नाही. चूक माझी.*

बाहेर थोरली येऊन थांबली. आवाज न करता. तो उतरला, तिला पाहून जागीच उभा राहिला. ती काल म्हणालेल्या एकेका शब्दाबद्दल माफी मागायचं ठरवून आली होती, घरून पाठ करून. पण तोंडातून निघालं ते एवढंच, “मी काल ऐकून घ्यायला हवं होतं.”

“मीही आधी बोलायला हवं होतं.”

बाबा मधे पडले. ते ब्रेकवाल्याशी हस्तांदोलन करत म्हणाले की सुई पुढच्या वेळी बारीक घ्या, मी देईन. मग कुणालाही न विचारता ड्रायव्हरच्या सीटवर बसले. चप्पल घालून. बूट घाला, असं दोघं एकदम म्हणाले, पण थोरली उताराच्या वर निघूनही गेली होती.

ब्रेकवाला पांढऱ्या रेषेवर जाऊन उभा राहिला.

ती काठाला होती. वरून गाडी दिसली, उन्हात साय चमकावी तशी. निघाली. वेग घेऊ लागली. तिचं मन सवयीने मोजू लागलं: नवी नळी, जुनी गाडी, चौऱ्याहत्तर वर्षांचा गुडघा, उतार. बोल्ट सैल राहिला असेल तर… तो म्हणाला ते खरं नसेल तर…

ती चालत गेली आणि रेषेवर त्याच्या शेजारी उभी राहिली.

त्याने दचकून पाहिलं. “तुम्ही बाजूला व्हा.”

“का? ब्रेक लागणार नाहीत?”

“लागतील.”

“मग.”

“पण तुम्ही… तुम्हाला विश्वास…”

“समोर बघा,” ती म्हणाली. तिचे हात थरथरत होते. यावेळी खिशात घातले नाहीत. त्यातला एक कुणीतरी धरला, ग्रीस असलेल्या, जरा खरखरीत हाताने. काचेमागे बाबांचा चेहरा दिसायला लागला, लहान मुलासारखा. मग थोरलीने नाक किंचित खाली झुकवलं आणि त्या दोघांपासून दोन वितींवर, हूं की चूं न करता, थांबली.

बाबांनी काच खाली केली. “अंगठा,” ते म्हणाले. “नुसता अंगठा.” आणि सीटवरचं वर्तमानपत्र उघडून वाचायलाच बसले, इतकं तोंड झाकून की भिंगाची गरज पडली नाही.

तिने अजून हात सोडलेला नव्हता. पिशवीतून तिने बाटली काढली, दातांनी झाकण उघडलं, आणि त्याच्या अंगठ्याच्या नखावर एक ठिपका दिला. हात जरा हलला. शेपूट आली.

“हे काय?”

“खूण. माझ्या वस्तूंवर मी करते.”

तो त्या ठिपक्याकडे पाहत राहिला. कान लाल झाले होते. “माझे हात दिवसभर ब्रेक ऑइलमध्ये असतात,” तो हळूच म्हणाला. “संध्याकाळपर्यंत टिकणार नाही हा.”

“माहितीये.”

“मग?”

“मग काय. रोज येऊन द्यावा लागेल.”

आतून आत्याचा आवाज आला, उद्यापासून स्टूल की खुर्ची?

“खुर्ची,” ती म्हणाली.